देव्हाऱ्यातली गुंतवणूक

भाड्याने घर पाहायला गेलं की घरमालक सहसा विचारतात, नोकरी कुठे, पाहुणे किती येतात, गाडी कुठे लावणार. अमरावतीत आम्हाला जे घरमालक लाभले त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी आम्हा नवराबायकोला सोफ्यावर बसवलं, पंखा जरा कमी केला आणि मला विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी चांदी किती हाय?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी दार किती लांब आहे ते पाहिलं.

"भेऊ नका जी. मी निस्तं माहितीसाठी इचारून राहिलो."

लग्नातले पैंजण, जोडवी आणि सासूबाईंनी दिलेला करंडा, एवढं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईकडून त्यांची अपेक्षा जास्त होती. "आन सोनं?" सोनं बऱ्यापैकी होतं. "हेच तं! शिकेल लोकं बी असेच वागतात," असं म्हणून त्यांनी मान हलवली.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, आधी पानी तं देऊ द्या त्याईले!" मग एका हातात तांब्या घेऊन, दुसऱ्या हाताने आधी चौकट, मग भिंत, मग सोफ्याची पाठ धरत काकू बाहेर आल्या. गुडघे दुखत होते हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण हसत होत्या. त्या हसण्यावर आम्ही ते घर घेतलं. काकांची सवय पुढे आपोआप झाली.

काका वीज खात्याच्या दुरुस्ती विभागातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी जळालेले स्विच उघडण्यात गेलेली. मोठ्या स्विचमध्ये जिथे वीज एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाते तिथे चांदीचा ठिपका बसवलेला असतो, हे ज्ञान त्यांना तरुणपणीच झालं आणि त्यातून ते कधी बरे झाले नाहीत. शर्टाच्या खिशात इतर लोक पेन ठेवतात, हे टेस्टर ठेवत. कुणीही भेटलं की टेस्टर काढून हवेत हलवत शिकवणी सुरू.

"सोनं म्हंजे घरजावई. तिजोरीत बसते आन निस्ता मोठेपना सांगते. चांदी कामाले जाते, बाई! मोठ्या मशिनीचं बटन दाबलं का चांदी. मोबाइलमंदी चांदी. ते छतावरचं सोलर पाहा, त्यात तं जथी पाहा तथी चांदी. उद्या साऱ्या जगाले लागनार हाय. कोठून आननार?"

"कुठून आणणार, काका?"

"आपल्याकडून!" आणि ते स्वतःच्या छातीवर टेस्टर टेकवत. सारं जग अमरावतीच्या त्या गल्लीत, नाल्यावरच्या फरशीवरून तोल सांभाळत, काकांच्या दाराशी रांग लावून उभं आहे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे नक्की होतं. माझ्याही येऊ लागलं होतं.

समोरच्या वकिलांनी गच्चीवर सोलर बसवलं तेव्हा काका भिंग घेऊन वर गेले. पॅनेलवरच्या बारीक पांढऱ्या रेघा त्यांनी अशा पाहिल्या, जशा बायका दुसरीच्या गळ्यातला नवा हार पाहतात. खाली येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी छतावर चांदी वाळू घातली हाय." वकिलांनी दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. मी विचारलं, मग तुम्ही का नाही बसवत? वीजबिल वाचेल. तर म्हणाले, "आपली चांदी दुसऱ्याच्या काचेत काहून अडकवू?"

लग्नाकार्यात त्यांना सोबत नेणं म्हणजे काकूंच्या जिवाला घोर. काजूकतलीवरचा वर्ख पाहिला की हे भर पंगतीत उभे राहत. "चांदी खाऊन राहिले! पाहा, हे लोकं चांदी खाऊन राहिले!" नवरीचा बाप धावत येई, काही निघालं का मिठाईत म्हणून. काका आपल्या वाटणीच्या कतलीवरचा वर्ख नखाने सोडवून रुमालात घेत, आणि घरी येऊन रुमाल झटकल्यावर त्यातून फक्त काजूचा भुगा पडे. तरी पुढच्या लग्नात रुमाल नवा.

एक्स-रेच्या जुन्या काळ्या फिल्म त्यांना गल्लीतून कोणीही द्यायचं. त्या फिल्मवर चांदीचा थर असतो. मोडलेले हात, छातीतले डाग, कोणा आजीच्या कंबरेचा मणका, सगळं त्यांच्या पलंगाखाली गठ्ठ्याने बांधून ठेवलेलं होतं. त्यात सगळ्यात जास्त फिल्म काकूंच्या गुडघ्यांच्या होत्या. डॉक्टर दर वेळी फिल्म उजेडासमोर धरून सांगत, हे पाहा, दोन हाडांमधली जागा कमी होत चालली. काका मान हलवत. त्यांचं लक्ष फिल्मच्या काळ्या कडेवर असे, चांदी तिथे जास्त. पुढे तो दवाखाना आधुनिक झाला आणि एक्स-रेचा फोटो मोबाइलवर यायला लागला, तेव्हा काका डॉक्टरांवर रागावले. "पैशे तेवढेच घेता, आन चांदी देत नाही."

आता देवांचं सांगते.

काकांची चांदी आधी विटांच्या रूपात कपाटात होती. पण हे गुपित ठेवणारा माणूस नाही. साऱ्या नातेवाइकांत बोभाटा झालेला. कोणाचं लग्न ठरलं की फोन. पोरीला पायपट्ट्या द्यायच्या आहेत, जावयाला ताट-वाटी द्यायची आहे, तुमच्याकडे तर विटाच्या विटा आहेत, एक वितळवली तर काय झालं. काकांना 'नाही' म्हणता येई, पण रोज 'नाही' म्हणून म्हणून ते थकले. मग त्यांना कल्पना सुचली. माणूस माणसाकडे वीट मागतो, देव मागत नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला हात लावायला चोरसुद्धा दहादा विचार करतो. तेव्हा साऱ्या चांदीचे भरीव देव ओतून घ्यायचे आणि राजरोस देव्हाऱ्यात मांडायचे. काका स्वतः देव मानत नव्हते, हात जोडायचे ते फक्त कोणाच्या मयतीला, पण लोक मानतात यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

अडचण मजुरीची निघाली. सराफ म्हणाला, नाकीडोळी नीट काढायची तर कारागीर जास्त घेईल. काका म्हणाले, "नाक कायले पाहिजे? मोडीत देताना नाकाचं येगळं वजन धरता काय तुमी?" यावरून अमरावतीतल्या एकेका सराफाशी त्यांचं वाजलं. शेवटी एकाने कंटाळून जसे सांगितले तसे सात देव ओतून दिले, आणि पुन्हा येऊ नका म्हणून हात जोडले. असे देव मी कुठे पाहिले नाहीत. गणपती सोंडेवरून ओळखायचा, मारुती शेपटीवरून. रांगता बाळकृष्ण दुरून बटाट्यासारखा दिसे. लक्ष्मी आणि अन्नपूर्णा कोणती कोणती, ते फक्त काकूंना माहीत. महादेवाच्या पिंडीवर मात्र काका बेहद्द खूश. "हा एक देव समजदार हाय. याच्यात मजुरीच नाही." विठ्ठल कंबरेवर हात असल्यामुळे चटकन कळे. रुक्मिणी करायची राहून गेली, कारण चांदी संपली. काकूंना ते फार लागलं होतं. "तिचं माहेर कौंडण्यपूर अठी हाकेवर. आपल्या वऱ्हाडची लेक, आन तिलेच नाही केलं!"

पण आलेल्या देवांना काकूंनी देव केलं. काजळाने त्यांना डोळे काढले, कुंकवाने ओठ. बाळकृष्णाला लोकरीची टोपी विणली, उन्हाळ्यात वाळ्याच्या पंख्याने वारा घातला. रोज स्नान, गंध, फूल, दूधसाखर. आमच्याकडे काही गोडधोड झालं तर मी वाटी खाली नेऊन द्यायची. काकू आधी त्या बटाट्यासमोर ठेवत आणि मग आपण खात. काका मागे उभे राहून एवढंच म्हणत, "घासू नको वं जास्त. झीज होते."

एकदा त्या माझ्यासमोर फिरून बोलल्या, "देवाची झीज दिसते तुमाले. माह्या गुडघ्यांची झाली, तवा काही बोलले नाही."

काका टेस्टरशी चाळा करत बाहेर गेले.

त्यांना बायकोची काळजी नव्हती असं नाही. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते आणि काकांनी ते मान्यही केलं होतं. फक्त त्यांचा हिशोब असा, की ऑपरेशन चांदीतून करायचं आणि चांदी भाव आल्यावर विकायची. "या दिवाळीले पाहू." दिवाळी गेली की "आखजीले पाहू," म्हणजे अक्षय्य तृतीयेला. काकू पाटावरून उठताना आधी देव्हाऱ्याची कड धरत, मग काकांचं नाव न घेता काही तरी पुटपुटत, मग उठत. जिन्याची पहिली पायरीही त्यांना जमेनाशी झाली. वर आमच्याकडे यायच्या, ते बंद झालं.

मग चांदी खरंच उठली. कुठे युद्ध, कुठे कारखाने, कुठे सोलर, कारणं टीव्हीवर रोज नवी. ज्या गल्लीने काकांना चांदीवेडा म्हटलं ती गल्ली संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जमू लागली. समोरच्या वकिलांनी गच्चीचं कुलूप काढलं आणि वर येऊन पाहून जा म्हणून निरोप पाठवला. काका खुर्चीत बसून उपदेश करत. मी मनात म्हटलं, चला, काकूंचे दिवस आले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर काका म्हणाले, "इकाची? आता? अवं, आता तं सुरुवात हाय!"

"आणि समजा विकलीच, तर पैशाचं काय करणार?"

ते क्षणभर गोंधळले. "काय करनार म्हंजे? चांदी घेईन."

अशा माणसाशी बोलायचं काय? मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. भाडेकरू आहोत म्हणून जिना चढून वर गेले.

त्यानंतर काही दिवसांनीच ते झालं. मी कॉलेजातून दुपारी घरी आले. खाली टीव्हीचा आवाज मोठा होता, बाजारभावाचं चॅनल चालू होतं आणि काका पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. मला काकूंना भाजी द्यायची होती म्हणून मी आत गेले. काकू देव्हाऱ्यासमोर पाटावर बसलेल्या. निरांजन केव्हाच विझलेलं. चेहरा घामाने ओला.

"उठताच येऊन नाही राहिलं पोरी," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसली हावो. आवाज देल्ला. त्याईले ऐकू नाही गेला."

मी काकांना हाक मारली. मीही दोनदा मारली, मग टीव्ही बंद केला. आम्ही दोघांनी मिळून काकूंना उचललं. उठताना त्या ओरडल्या आणि मग लाजून हसल्या. काकांनी कोपऱ्यात जाऊन टीव्हीची वायर काढून ठेवली. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, अकोल्याचा कोनी सराफ हाय काय तुमच्या वळखीचा?" अमरावतीतला एकही सराफ त्यांना दारात उभं करणार नव्हता. माझं माहेर अकोल्याचं. मी हो म्हटलं.

मला वाटलं संपलं. पण आता काकू उभ्या राहिल्या; म्हणजे पलंगावर आडव्या होत्या, पण तरी.

"देव इकता काय तुमी?"

"देव कोठी हायेत ते? चांदी हाय! नाक तरी हाय काय त्याईले?"

"मंग इतके वर्सं मी कोनाची पूजा केली? तुमच्या विटांची?"

आयुष्यभर काकांनी जगाला चांदी समजावून सांगितली. घरात त्यांची चांदी त्यांच्या हातून केव्हा निसटली ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी कागदावर भाव काढून दाखवला, सोलरचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. काकूंनी कूस बदलली. गुडघे काकूंचे, दुखणं काकूंचं, आणि नकारही काकूंचाच. दोन दिवस त्या घरात गॅस पेटला नाही. मीच मधे पोळ्या नेऊन देत होते.

तिसऱ्या दिवशी काकूंनी मला खाली बोलावलं आणि खुर्ची देव्हाऱ्यासमोर ठेवायला सांगितली. खुर्चीत बसून त्यांनी सगळ्या देवांची पूजा केली. मला पुरण घालायला सांगितलं होतं, त्याचा नैवेद्य दाखवला. मग हातात अक्षता घेऊन एकेका देवावर टाकल्या. गणपती उठवताना करतात तशी उत्तरपूजा. "येतो म्हना आता," त्या प्रत्येकाला हळू आवाजात म्हणत होत्या. "लय केलं तुमी आमच्यासाठी. माह्यानं आता खाली बसनं होत नाही. रागावू नका." बाळकृष्णाची टोपी त्यांनी काढून घेतली आणि स्वतःजवळ ठेवली. काका दारात उभे होते. त्यांना कोणी आत बोलावलं नाही, आणि तेही आले नाहीत.

अकोल्याला जायला मी गाडी काढली. सात देव काकांनी प्रेशर कुकरमध्ये भरले होते; कुकर कोणी चोरत नाही म्हणून. काकूंनी कुकर आधी तीनदा घासून घेतला. काकू मागे पाय लांब करून बसल्या. काका माझ्या शेजारी मांडीवर कुकर धरून. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, एरवी रस्त्यातला प्रत्येक सोलर पंप दाखवणारा माणूस आज कुकरच्या झाकणाकडे पाहत होता. मी चहाला थांबू का विचारलं तर म्हणाले, "मले खाली ठेवता येत नाही," आणि कुकर घट्ट धरला.

आमच्या सराफाची पेढी जुन्या पद्धतीची, खाली गादी. काका मांडी घालून बसले. काकूंना बसणं शक्यच नव्हतं, त्या गादीपुढचा लाकडी कठडा धरून उभ्या राहिल्या. सराफाने देव गादीवर मांडले, एकदा देवांकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस म्हणून काही विचारलं नाही. म्हणाला, "काका, याच्यावर शिक्का नाही. आतून चांदी कशी आहे ते पाहायला एक मूर्ती कापून पाहावी लागंन." कारागीर छिन्नी-हातोडा घेऊन आला. त्याने जवळचा उचलला. बाळकृष्ण.

"थांबा!" काका ओरडले.

सगळे थांबले. काकांनी त्या बटाट्यावर दोन्ही हात झाकले होते. "दुसरा घ्या ना. पिंड घ्या." मग पिंडीकडे पाहून म्हणाले, "नाही, ते बी नको." हात त्यांनी काढले नाहीत. "आपन असं करू, आज राहू द्या. भाव अजून चढन."

मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. उभा जन्म ज्याने नाकाची मजुरी वाचवली, त्याला आता नाक नसलेल्या देवावर छिन्नी पाहवत नव्हती. काकूंनी देवांचा रीतसर निरोप घेतला होता. यांचा निरोप राहिला होता, कारण आपल्याला तो घ्यावा लागेल हेच यांना माहीत नव्हतं.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

"तुले काहीच नाही वाटत काय वं?"

"मले वाटाचं ते घरी वाटून झालं. मी त्याईले पाठवलं, ते गेले. हे आता चांदी हाय." कठडा धरलेल्या त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. "मले उभं राहनं होऊन नाही राहिलं. हात काढा."

काकांनी हात काढले. कारागिराने घाव घातला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आतून लखलखीत शुद्ध चांदी निघाली, सराफाने कौतुकही केलं. ज्या कौतुकासाठी काका जन्मभर भुकेले होते ते मिळालं, तेव्हा ते पेढीच्या पायरीवर जाऊन पाठमोरे बसले होते.

ऑपरेशन अमरावतीतच झालं. कंबरेखाली बधिर करून करणार होते. मी सकाळपासून काकांबरोबर बाहेरच्या बाकावर. काका एकदा उभे राहत, एकदा बसत. खिशातलं टेस्टर काढून पुन्हा आत ठेवत. वेळ सांगितलेल्यापेक्षा जास्त लागला. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती, मी पाणी दिलं ते हातातच राहिलं. मग माझ्याकडे वळून, लहान पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"मॅडम, आता कोनाले म्हनू? सारे तं मीच इकून टाकले."

मी त्यांचा हात धरला. ते उठले, ऑपरेशन थिएटरच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. दार नुसतं पांढऱ्या रंगाचं होतं, वर लाल दिवा. नर्स आतून म्हणाली, "काका, बाजूला व्हा, स्ट्रेचर येऊन राहिलं." काका बाजूला झाले, पण हात तसेच जोडलेले.

काकू बाहेर आल्या. डोळे अर्धवट उघडे, चेहरा उतरलेला, पण शुद्धीवर होत्या. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हात जोडून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे. घाबरून त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला.

"काहून जी," त्या म्हणाल्या, "कोन गेलं?"